तुझ्या ताटात मीच घालत होते

बय,

परवा तुझं बारावं झालं. धसईकडची आपली माणसं दुपारी जेवली आणि एसटीची वेळ बघून निघाली. निघताना जो तो उंबऱ्यावर थांबून मला एकच वाक्य ऐकवत होता, "सुटली बिचारी." चार जणींचं ऐकून घेतलं. पाचवीला विचारलं, "कशातून सुटली?" ती गडबडली. "नाय गो, आपलं ते... डोक्याचं," म्हणाली आणि चपला शोधायला लागली. चपला तिच्या पायातच होत्या.

तुझ्या आजाराचं नाव आपल्यात कुणी धड घेतलंच नाही. कुणी डोक्याचं म्हणायचं, कुणी बाहेरचं म्हणायचं. डॉक्टरांच्या कागदावर एक लांबलचक इंग्रजी शब्द होता. तो मी पाठ केला होता, पण तुझ्यासमोर कधी उच्चारला नाही. मी लेक म्हणून तुझ्याशी पुष्कळ बोलले, पण खरं फार थोडं बोलले. आज बोलायला बसले आहे, आणि उलट बोलायला तू नाहीस ही सोय मला आवडलेली नाही.

तर आधी मूळ गोष्ट. पंधरा वर्षं तू सांगत होतीस, "माझ्या जेवनात कोनीतरी कायतरी घालतंय." आम्ही सगळे म्हणत होतो की हा भास आहे, डॉक्टरही म्हणत होते. त्या पंधरांपैकी आठ वर्षं तो भास नव्हता. घालत होतं कुणीतरी. मी घालत होते.

सुरुवात झाली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, दहावी होऊन शिवणाच्या क्लासला जात होते. घरात तू, बाबा, काका आणि काकी. चूल एकच. तू आणि काकी, तुम्ही दोघी जावा, सख्ख्या बहिणींसारख्या भांडायच्या आणि बाकीचे जेवून उठले की एकाच ताटात जेवायच्या. एके दिवशी तू काकीने वाढलेला भात हुंगलास आणि ताट सरकवलंस. "ह्याला औशदाचा वास येतोय." काकी हसली. तू नाही हसलीस. मग तू वेगळं मडकं केलंस, मग पाणी स्वतःच विहिरीवरून आणायला लागलीस. शेवटी शेवटी तू फक्त केळी आणि उकडलेली अंडी खायचीस. मी विचारलं तर म्हणालीस, "सालाच्या आत कोन घालनार?" मला वाटलं, वेड्या माणसाला इतकं डोकं कसं असतं!

बाबांनी आधी भगत केला. त्याने कोंबडा घेतला, लिंबं कापली आणि सांगितलं की घरातलीच बाई आहे. घरात तुझ्याशिवाय बाया दोनच, काकी आणि मी. मला तर तुझ्या मनाने आधीच सोडून दिलेलं. "मंदा माझ्या पोटची हाय, ती नाय घालनार," हे तू भगतासमोरच म्हणालीस. उरली काकी. त्या दिवसापासून तू तिच्याशी बोलणं टाकलंस.

मुरबाडच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तेव्हा आपण ठाण्याला निघालो. शाळेत आम्ही मैत्रिणी एकमेकींना चिडवायचो, "हिला ठाण्याला पाठवा रे." आता खरोखर ठाण्याला निघाले होते, आणि एसटीत कुणी विचारलं की कुठे, तर मी कल्याण सांगत होते. तू नवं लुगडं नेसली होतीस. डॉक्टरांना सगळं नीट सांगितलंस, तारीखवार. ते तुझ्याशी आदराने बोलले, त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. तू त्यांच्या पाया पडलीस. मला वाटलं, झालं, आता महिन्याभरात सगळं पहिल्यासारखं.

गोळ्या तू माझ्यासमोर तोंडात टाकायचीस, पाणी प्यायचीस, जीभ बाहेर काढून दाखवायचीस. तीन महिन्यांनी बाबांनी गिरणीला न्यायला कणगीतून भात काढलं तर दाण्यांत पांढऱ्या गोळ्या. एक नाही, मूठभर. बाबा कपाळाला हात लावून बसले. तू शांतपणे म्हणालीस, "उंदरांसाठी ठेवल्यात." मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. तू माझे डोळे पुसलेस, वर म्हणालीस की पोरीला कामाचा ताण पडतोय.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी बाटली दिली. पाण्यासारखं औषध, वास नाही, चव नाही. जेवणात घाला म्हणाले, पण घरातल्या एकानेच घालायचं, थेंब मोजून, आणि चुकलं तर दुसऱ्या दिवशी जास्त घालायचं नाही. बाबांनी बाटली माझ्या हातात ठेवली. दुसरं कोण होतं? तू माझ्याच हातचं खात होतीस.

माझ्या हातचंही तू सहज खायची नाहीस. "आदी तू खा," म्हणायचीस. मग मी तुझ्याच वाटीतला एक घास खायचे, तू माझा घसा हलतोय का बघायचीस आणि मग जेवायला बसायचीस. क्लासात मशीनवर मला पेंग यायची. एका घासाने काय होतं म्हणा. ती पेंग औषधाची की रात्रभर धास्तीने जागण्याची, देव जाणे. पण दोन महिन्यांत तू झोपायला लागलीस. वेणी घालायला लागलीस. एक दिवस मोठ्या टोपातला भात स्वतः वाढून घेतलास. बाबा आत येऊन मला म्हणाले, "गुन आला गो." मी मान हलवली. चोरी फळाला आली की चोराला जसा आनंद होतो तसा मला झाला. मी काही साव नव्हते.

मग ती आवणी, भातलावणीचे दिवस. ते मी आजवर कुणापुढे सगळं सांगितलेलं नाही.

आदल्या दिवशी मला ताप होता आणि औषध चुकलं. डॉक्टरांनी बजावलेलं मला आठवत होतं. पण आपल्याकडे आवणीत एखादा तुकडा मागे राहिला तर दुसऱ्या दिवशी दोन माणसं जास्त लावून भरून काढतात, राहिलेलं राहू देत नाहीत. मला तोच हिशेब कळत होता. मी तुझ्या डब्यातल्या सुकटीच्या कालवणात त्या दिवशी दुप्पट थेंब घातले. भाकऱ्या बांधल्या आणि शेतावर घेऊन आले.

बांधावर सगळे जेवायला बसले. तू डब्यातली वाटी काढलीस, तिच्याकडे बघितलंस, मग शेजारी पाठमोऱ्या बसलेल्या काकीकडे बघितलंस. दोन वर्षं तू तिच्याशी अक्षर बोलली नव्हतीस. वाटी उचलून तू तिच्यासमोर ठेवलीस. "घे गो. तुला सुकट आवडते."

मी पाण्याचा हंडा घेऊन उभी होते. हात पुढे केला मी, शपथ सांगते. पण काय म्हणून थांबवू? तुझ्यासमोर काय सांगू? काकी पदराने डोळे पुसत जेवत होती आणि मी हंडा धरून तिचा एकेक घास बघत राहिले. एका घासाला मला आठवलं की आज दुप्पट आहे.

दिवस मावळायच्या आत काकीची मान एका बाजूला वळली ती सरळ होईना. जीभ जड झाली, डोळे वर चढले. अंगणात माणसं जमली. कुणीतरी विचारलं, काय खाल्लं? आणि कुणीतरी उत्तर दिलं, जावेच्या वाटीतलं, तिने स्वतःच्या हाताने दिलेलं. एवढं पुरलं. जीपमधून काकीला मुरबाडला नेलं, मी सोबत गेले, डॉक्टरांना बाजूला घेऊन बाटलीचं सांगितलं. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात काकी मान वळवून माझ्याकडे बघायला लागली. डॉक्टर मला रागावले, रास्तच रागावले. काका दाराबाहेर होते. त्यांना मी काही सांगितलं नाही.

आम्ही परत येईपर्यंत गावाने निकाल लावला होता. त्यानंतर तुझ्या हातचं पाणीही कुणी घेतलं नाही. हळदीकुंकवाला तुला बोलावणं येणं बंद झालं. तान्ही पोरं असलेल्या बाया तुला बघून पदर ओढून घ्यायच्या. भुताळी हा शब्द मी विहिरीवर माझ्या कानांनी ऐकला आणि घागर भरून मुकाट्याने घरी आले.

तू मात्र त्या रात्री मला गोठ्यामागे नेलंस. तुझा चेहरा उजळलेला होता. म्हणालीस, "बगलंस? माझ्या वाटीतलं होतं ना ते? मला घातलेलं तिच्या वाट्याला गेलं. आता तरी खरं वाटतंय का तुला?"

मी म्हटलं, "काही नाही बय, उन्हात वाकून वाकून मान धरली असेल तिची."

आवणीचा पाऊस धो धो पडत होता आणि मी ऊन सांगितलं. मग "बरं" म्हणालीस आणि गुरांना वैरण टाकायला गेलीस.

त्या दिवशी मी एक वाक्य बोलले असते तर गावाला कळलं असतं की तू भुताळी नाहीस, आणि तुला कळलं असतं की तुझ्या पोटची पोरच तुझ्या वाटीत घालते. त्या एका वाक्यात तू मोकळी झाली असतीस आणि मी तुझ्या मनातून उतरले असते. मी स्वतःला वाचवलं. औषध बंद पडेल, तू पुन्हा उपाशी राहशील, ही कारणं मी नंतर जमवली. तीही खरीच आहेत, पण ती नंतरची आहेत.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं, आटगावला. बघायला आले तेव्हा बाबांनी सांगितलं, पोरीच्या आईला जरा चक्कर येते. बाटली मी बाबांच्या हातात दिली, थेंब मोजायला शिकवलं. बाबांच्या तोंडावर सगळं दिसायचं. तू त्यांच्या हातचं खाईनास. महिन्याभरात तू घरातून निघून गेलीस आणि टोकावड्याच्या पुढे एका ढाब्यासमोर सापडलीस. येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरांना हात जोडून सांगत होतीस, "इथं जेवू नका रे बाबांनो, घालतात." ढाबेवाला भला माणूस, त्याने तुला हाकललं नाही, नुसतं म्हणाला, "मावशी, निदान गिऱ्हाईक सोडून बाकीच्यांना सांगा."

आमचे हे मला म्हणाले, "घेऊन ये त्यांना." चक्कर कसली ते त्यांना एव्हाना कळलं होतं. त्यांनी त्यावरून मला एक शब्द ऐकवला नाही, हे तुला माहीत असावं. आटगावात लोक म्हणाले, आई लेकीच्या घरी राहते म्हणजे काय! तू मात्र आल्या दिवशी भिंतीला टेकून बसलीस आणि ताट पुढे केलंस. "आदी तू खा." बाबा गेले तेव्हाही आपण दोघी गावाला जाऊन दिवस करून परत आलो, आणि घरी आल्यावर पहिला घास मीच खाल्ला.

मग शहापूरला सोय झाली. महिन्यातून एकदा सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराच्या डॉक्टर यायला लागल्या. ठाण्याची लांबची खेप वाचली म्हणून मी खूश. डॉक्टर वयाने माझ्याएवढ्याच होत्या. तुला बाहेर बाकावर बसवून मी त्यांना बाटली दाखवली. "आईंना माहीत आहे?" मी हसले. "माहीत असतं तर घेतलं असतं का?" त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. "किती वर्षं?"

मी सांगितलं.

त्या म्हणाल्या, "तेव्हा दुसरा इलाज नसेलही. पण आता सांगायला हवं. तुम्ही उद्या आजारी पडलात तर त्यांचं काय? आणि त्यांनी जे बरोबर ओळखलंय, त्यालाच आपण आजार म्हणतोय, हे बरं आहे का?"

मला राग आला. मी म्हटलं, "तुम्ही महिन्यातून एकदा येता मॅडम. तीस दिवस माझ्या घरात ताट मला वाढायचं असतं." त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणूनच तुम्हीच सांगा." मी म्हटलं, पुढच्या महिन्यात सांगते. ते "पुढच्या महिन्यात" दीड वर्ष चाललं. कधी लग्नसराई आड आली, कधी माझ्या पोरीचा ताप. नाचता येईना अंगण वाकडं, तसलं माझं चाललेलं.

आणि काकी वारली. शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला. काकांचाच आवाज होता, रडवेला. "मंदा, तुमी या. वयनीला आनू नको." मी फोन ठेवून घरी आले तर तू लुगडं बदलून, पिशवी मांडीवर घेऊन दारात बसली होतीस. शेजारणीने आधीच सांगितलं होतं तुला. मी म्हटलं, बय, तू नको येऊ. "का? माझी जाऊ हाय ती. तिला शेवटचं पानी घालू नको?" मी म्हटलं, दगदग होईल. पुन्हा ऊनच सांगितलं म्हण. तू पिशवीतून लुगडं काढून घडी घालून ठेवलंस. तुझा त्या घरातला सगळा मान मी एका वाटीत बुडवला होता, आणि तू मला चहा विचारत होतीस.

गावाहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी सांगितलं.

तू ओटीवर सुपात तांदूळ निवडत होतीस. मी बाटली तुझ्यासमोर ठेवली. म्हटलं, "बय, हे औषध आहे. तुझ्या आमटीत मी घालते. आठ वर्षं घालते आहे. काकीच्या वाटीत हेच गेलं होतं. तुझा काही दोष नव्हता. तू म्हणत होतीस ते खरं होतं."

तू बाटली उघडलीस, हुंगलीस. तळहातावर थेंब घेऊन बघितलास. मग सूप बाजूला ठेवलंस, माझ्याजवळ सरकलीस आणि माझ्या कपाळावर हात ठेवलास.

"कदीपासनं वाटतंय तुला असं?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "वाटत नाही बय, मी घातलंय. मी! माझ्या हाताने!"

"तू नाय घालनार गो. माझी मंदा नाय घालनार. तुला कोनीतरी भरवलंय हे."

"अगं, ही बाटली बघ ना!"

"बाटलीत पानी हाय."

मी ओरडले. रडले. तुझे खांदे धरून हलवले. तू मला पोटाशी घेतलंस आणि पाठीवर थोपटत म्हणालीस, "बरं बरं. घातलंस हां. रडू नको." हे "बरं बरं" माझंच होतं, बय. तू म्हणायचीस भिंतीतून माणसं बोलतात, मी म्हणायचे, बरं बरं, बोलतात हां. समोरच्याला कसं लागतं ते मला त्या सकाळी कळलं.

दुपारी ताटं वाढली. तू तुझ्या ताटाला हात लावायच्या आधी माझ्या वाटीत बोटं घातलीस, एक घास खाल्लास आणि थोडा वेळ थांबलीस. "खा," म्हणालीस. "यात काय नाय." संध्याकाळी हे कामावरून आले तेव्हा डोक्यावर पदर घेऊन त्यांना म्हणालीस, "जावयबापू, हिला शापूरच्या बाईंना दाखवाया पायजे. माझं मी बगंन, पन हिचं आजच बगा."

बाटली मी त्या दिवसापासून बंद केली होती. तुला सांगितल्यावर पुन्हा चोरून घालणं मला झेपणारं नव्हतं. दवाखान्याचा वार यायला नऊ दिवस होते आणि ते नऊ दिवस मी तुझ्या तोंडाकडे बघत काढले. पण त्या नऊ दिवसांत तू भिंतीकडे कान लावला नाहीस. तुला वेळच नव्हता. तू माझ्यावर लक्ष ठेवून होतीस.

दवाखान्यात तू मला हाताला धरून आत नेलंस आणि डॉक्टरांना सगळं सांगितलंस. हिला वाटतं ही आपल्या आईला इख घालते. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान खाली घातली. त्यांनी तुला समोर बसवून स्वच्छ सांगितलं, "आई, मंदाताई खरं बोलतायत. आजार तुम्हांला आहे. महिन्याला एक इंजेक्शन घ्यायचं, म्हणजे जेवणात काही घालावं लागणार नाही. हे तुमच्यासाठी आहे. घ्याल?"

तू मान डोलावलीस, त्यांच्याकडे झुकून हळूच म्हणालीस, "हां बाई. हिच्यासमोर असंच बोला." आणि मग मोठ्याने, मला ऐकू जाईल असं, "आदी मला टोचा. मंग ही घाबरायची नाय."

डॉक्टरांनी तुला पुन्हा समजावलं, पुढच्या महिन्यातही समजावलं, दर महिन्याला समजावलं. त्यांच्या बाजूने त्यांनी खोटं केलं नाही. पण हट्टाला पेटून तू माझ्या नावाचा कागद काढायला लावलास. सिस्टरनी त्यावर कॅल्शियमच्या गोळ्या लिहून घेतल्या, या वयात लागतातच म्हणाल्या. बाहेर आल्यावर डॉक्टर मला म्हणाल्या, "हे मला बरोबर वाटत नाही. सांगत राहा त्यांना." मी हो म्हटलं.

चार वर्षं, बय. दर महिन्याला तू मला दवाखान्यात न्यायचीस. नाक्यावर रस्ता ओलांडताना माझं मनगट धरायचीस, चौतीस वर्षांच्या बाईचं. गोळी गिळली का बघायला माझी जीभ बाहेर काढायला लावायचीस, आणि कणगीचं आठवून मला हसू आलं की म्हणायचीस, "हसायचं नाय, गिळ." माझ्या केसांना तेल लावायचीस, डोकं थंड राहतं म्हणून. रात्री मी कूस बदलली तरी विचारायचीस, "झोप लागत नाय का गो?" एकोणिसाव्या वर्षापासून मला कुणी झोपेचं विचारलं नव्हतं.

बाकावर बसलेल्या नवख्या बायांना तू शिकवायला लागलीस. एकदा कसाऱ्याकडची एक बाई नवऱ्याला घेऊन आली होती, रडत होती. तू तिला म्हणालीस, "रागवायचं नाय. ओरडायचं नाय. आनि हे बग, यांच्याशी खोटं बोलायचं नाय. यांना सगळं कळतं." माझ्याकडे बोट केलंस. "माझी पोर बग. मी हिच्याशी कदी खोटं बोलली नाय."

मी भिंतीवरचा पोलिओचा कागद वाचत बसले.

तू गेलीस ते छातीच्या दुखण्याने, दोन दिवसांत. ज्या दवाखान्यात मला आणायचीस तिथेच पलीकडच्या वॉर्डात. तुला बोलायला त्रास होत होता. मी पाणी पाजायला वाकले तर तू मला बाजूला सारून यांना बोलावलंस. म्हणालीस, "जावयबापू, हिची गोळी चुकवू नका. ती सांगंल मला काय नाय झालेलं. आयकू नका." त्यांनी "हो आई" म्हटलं. तुझं समाधान झालं नाही. तू त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतलंस.

तेव्हाही वेळ होती. मी वाकून म्हणू शकले असते, बय, मी बरी आहे, मला कधीच काही नव्हतं, तू निर्धास्त जा. तू लेकीच्या घोरात जीव सोडलास. मी ऐकत उभी राहिले.

सगळ्यांना मी सांगते की ते आजारी असल्याचं नाटक तुझ्या इंजेक्शनसाठी होतं. डॉक्टरांना सांगितलं, यांना सांगितलं, बाराव्याला आलेल्या आत्यालाही सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली, म्हणाले, आईसाठी किती केलंस! पण पहिल्या वर्षानंतर तुला इंजेक्शनची सवय झाली होती, बय. मी नसते आले तरी तू गेली असतीस, एकदा मला ताप होता तेव्हा एकटी जाऊन घेऊन आलीसच की. त्यानंतरची तीन वर्षं मी वेडी राहिले ती तुझ्यासाठी नाही.

बाटलीचं सांगितलं तेव्हा तू मानलं नाहीस. हे तरी मान. मला आई हवी होती.